कान टोचणाऱ्याचे डोळे

न्हाय न्हाय पावणं, मोतीबिंदू न्हवं — मोतीबिंदू असता तर बरं झालं असतं, चारचौघांत सांगता तरी आला असता. माझं जवळचं गेलंय. लांबचं म्हनशिला तर हितं दवाखान्यात बसून समोरच्या क्लासची पाटी वाचून दावतो — पर हातातली तार दिसत न्हाय. आन् धंदा काय माझा? कान टोचायचा! गुजरीत, सोनारांच्या गल्लीत कुनालाबी इचारा, मुनव्वर चाचा कुठं बसतो, बोट दावतील. वडलांनी सत्तरीपतूर बिनचष्म्याचं टोचलं. मग मी पन्नाशीत चष्मा लावून बसलो की गिऱ्हाईक काय म्हनंल? — ह्या आंधळ्याच्या हातात लेकरू द्यायचं व्हय? म्हनंल की न्हाय? म्हनून हे लेसरचं ऑपरेशन. एक डोळा जवळच्याला, एक लांबच्याला करत्यात म्हनं. आत्ताच डॉक्टर म्हनला — चाचा, बारीक कामाला त्यानंतर बी चष्मा लागंल, मग कशाला उगं डोळ्याला हात लावून घेताय? चष्मा लावा. चष्मा हाय की! तीन वर्सं झाली, ड्रॉवरमध्ये रुमालात गुंडाळून ठेवलाय. दुकानात कोन नसलं की लावतो — चोरून, पोरं विडी वढत्यात तसा.

काय झालं म्हंता? काय न्हाय झालं — म्हंजे, झालं. दोन वर्सांमागं गडमुडशिंगीची संघप्रिया आलती, पैल्या पोरीला घिऊन, संगं सासू, धोंडुबाई. म्या कानाच्या पाळीवर शाईचा ठिपका काढला — काढला खरा, पर मलाच दिसंना. चष्मा हाताशी हुता, ड्रॉवर उघडायचा उशीर! पर चार बायका बसलेल्या की समोर. अंदाजानं तार घातली. कडंला लागली — वढली तशी पाळी फाडून भाईर आली. पोरगी असली किंचाळली... हलली न्हवती वो ती. आईनं डोकं छातीशी गच धरलेलं, तसूभर हलली न्हवती. आन् मी काय वरडलो? — लेकरू धराय येत न्हाय व्हय गं तुला? सासूनं तिथंच सुनेच्या थोबाडीत दिली. मी खाली मान घालून कापूस हुडकत बसलो. हुडकतोय कसला, कापूस हातातच हुता. लाज वाटती पावणं.

आता तिला दुसरी पोरगी झालीया. परवा घिऊन आलती — माझ्याकडंच! वाटलं, आज सांगून टाकावं. तवर तीच हात जोडून म्हनती कशी — चाचा, रागावू नगासा, ह्या बारीला लई घट्ट धरतो. घरात उशी धरून सवय केलीया.

म्या तोंड उघडलं. आन् म्हटलं, सोमवारी ये.

...काय बघताय असं? तुमचं नाव पुकारलं. जावा. जावा की!