कारंज्याच्या माळावरचा मुका नाच

हसा खुशाल, पण आवाजाची बातमी करायला गेलो आणि आवाजच मिळाला नाही. कारंज्याच्या माळावर रात्रभर स्पेस रॉक आणि टेक्नो वाजणार होतं. दहानंतर भोंगे बंद हा कायदा आहे, म्हणून आयोजकांना बातमीत सोलायचं ठरवूनच मध्यरात्री पोहोचलो. तर शे-दोनशे माणसं हेडफोन लावून अंधारात चिडीचूप नाचत होती. कायद्याला काय पळवाट काढली बघा!

शेजारच्या हरभऱ्यात रानडुकरं हाकायला जागलीला बसलेले नामदेवभाऊ कुंपणाशी आले.

"साहेब, हे मानसंच आहेत ना? नाई तं मी पीक सोडून घरी जातो."

"अहो, गाणं कानात वाजतंय त्यांच्या."

"मंग तुमी आयकून या ना बाप्पा!"

मी तावातावाने गेलो आणि एका दाढीवाल्याचा हेडफोन ओढून कानाला लावला. काहीच ऐकू येईना.

"हा बंद आहे," मी ओरडलो.

"सगळ्यांचेच बंद आहेत. जनरेटर मघाशीच गेला," डोळे न उघडता तो म्हणाला. हेडफोन परत घेऊन तो नाचू लागला. सगळ्यांचे पाय एकाच वेळी पडत होते.

कुंपणाशी नामदेवभाऊंनी विचारलं, "काय वाजून राह्यलं?"

मी म्हटलं, "भाऊ, गाडीवर बसा. घरी सोडतो."