मांडीखालचा हात

दाताच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघे भाऊ बसले होते. थोरल्याचा गाल टम्म सुजलेला.

“उद्या येऊ या का रे?”

“दादा, आरशात बघ जरा. दाढ आजच काढायची.”

“मागच्या वेळी इंजेक्शन लागूच पडलं नव्हतं.”

“काय? घरी तर म्हणालास, काही कळलंसुद्धा नाही.”

“डॉक्टरबाईंना तसंच सांगितलं होतं. घरी वेगळं काय सांगू?”

“ओठ जड झालाय का, असं विचारलं नाही त्यांनी?”

“विचारलं ना. झालाय म्हटलं. बाहेर एवढी माणसं ताटकळलेली, बाई सकाळपासून उभ्या.”

“आणि तशीच दाढ काढू दिलीस?”

“दुखलं तर हात वर करा म्हणाल्या होत्या. तो चुकून वर जाऊ नये म्हणून मांडीखाली दाबून धरला. शेवटी म्हणाल्या, तुमच्यासारखे पेशंट मिळायला नशीब लागतं.”

“आज दुखलं तर सरळ सांगायचं.”

“त्यांना वाईट वाटलं तर?”

“वाटू दे.”

“तू चल ना आत.”

“आत येऊन तुझ्या तोंडानं मी बोलू?”

नंबर आला. थोरला कसाबसा उठून आत गेला. दार नीट लागलं नाही. धाकटा स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली घालून बसला. थोड्या वेळाने डॉक्टरबाईंचा आवाज आला.

“ओठ जड झाला ना?”

ट्रेमधल्या हत्यारांचा खणखणाट झाला.

“मग सुरू करू या?”

“नाही, थांबा.” थोरला म्हणाला. “नाही झालेला. मागच्या वेळीही नव्हता झाला.”