काकांच्या सहीचा शेवटचा लॉट

सन्माननीय अध्यक्ष आणि आमच्या कारखान्याचे मालक, लिफ्टच्या कारखान्यातून अगत्याने आलेले प्रमुख पाहुणे, आज निवृत्त होणारे आपले सत्कारमूर्ती काका, शेजारी बसलेल्या काकू, आणि हातमोजे काढून थेट इथे आलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

आधी घोटभर पाणी पिते हं. तोंडाला कोरड पडली आहे. ॲसिडच्या टाकीपाशी अकरा वर्षं उभी राहिले, पण माइकसमोर आज पहिल्यांदाच.

काकांबद्दल मी काय बोलणार? जुना मुलामा उतरवायला मला त्यांनीच शिकवलं. पहिल्या दिवशी मी ग्राइंडर असा काही दाबला, की मुलाम्याबरोबर नळीच अर्धी झाली. काका म्हणाले, "बाई गं, थर काढायला सांगितला होता. लोखंड कुणी मागितलं?" हसा, हसा. तेव्हा मी रडले होते.

एकतीस वर्षांत काकांच्या सहीचा एकही नग परत आला नाही, असं आत्ताच अध्यक्ष म्हणाले. ते खरंच आहे. काका ओरडायचे फक्त एका गोष्टीवरून. कडक पोलादाचे बोल्ट ॲसिडमधून निघाले की लगेच ओव्हनमध्ये गेले पाहिजेत, चांगले तासन्‌तास. नाहीतर ते आतून ठिसूळ होतात. वरून चकचकीत दिसतात, आणि भार आला की कधीतरी फटकन मोडतात. डोळ्यांना काही म्हणजे काही दिसत नाही.

माझ्या हातात चार पानं आहेत, आणि तीन अजून वाचायची आहेत. पण प्रमुख पाहुणे मघाशी म्हणाले, की काकांच्या हातचा शेवटचा लॉट ते आजच बरोबर नेणार आहेत. मला वाटलं होतं, माल सोमवारी जाईल, तोवर मी काकांना एकटं गाठून सांगेन. खोटं कशाला बोलू? कदाचित सांगितलंही नसतं.

अध्यक्षसाहेब, मला थांबवू नका. थांबले तर पुन्हा धीर होणार नाही.

तो लॉट ओव्हनमध्ये गेलाच नाही. काल बोल्ट टाकीतून काढले, धुतले, टोपल्यांत भरले, आणि मी हेच भाषण लिहीत बसले. शब्द सुचेनात. भानावर आले तेव्हा संध्याकाळ झाली होती. काकांनी नेहमीसारखं विचारलं, "तापवले ना?" मी म्हटलं, "हो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. अकरा वर्षांत मी त्यांच्याशी कधी खोटं बोलले नव्हते, मग ते कशाला शंका घेतील?

आता तापवूनही भरवसा नाही. वेळ टळून गेली. ते बोल्ट मोडीतच काढावे लागतील. पाहुणे, तुमच्या लिफ्टमध्ये माणसं उभी राहणार आहेत हो! काकू, माझ्याकडे अशा बघू नका. काकांची यात काडीचीही चूक नाही. सही त्यांची असली तरी पाप माझं आहे.

बाहेर त्या बोल्टांचा टेम्पो सुरू झालेला ऐकू येतोय. काका, तुम्ही उठू नका. आजच्या दिवशी तरी तुम्ही धावायचं नाही.

सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. बोल्टचं मात्र कुणीही पोटात घालू नका. सरका जरा, मला फाटकापर्यंत जाऊ द्या.