एका वायरीवरची चार माणसं

मंडळी, ऐका. आज आवाज चढवणार नाही, दमलोय. पण एक प्रश्न विचारतो — घरात एखादी गोष्ट एकच असते आणि सगळ्यांनाच हवी असते, तेव्हा शेवटचा वाटा कोणाचा? ... बघा, बायकांच्या बाजूला खसखस पिकली! म्हणजे उत्तर ठाऊक आहे.

चाळीसगावात एक घर. कॉम्प्युटर चार, इंटरनेट एक! खिडकीतून एक वायर आत आलेली, तिच्यावर सगळ्यांचे जीव टांगलेले. उमाकांतरावांचं ऑफिस घरातूनच, लेक ऋचाचे क्लास, वडील नरहरपंतांचं देवदर्शन. चौथा कॉम्प्युटर उमाकांतरावांच्या बायकोचा, म्हणजे पंतांच्या सूनबाई वैजयंताचा — लेकीनं टाकलेला, जुना. कुठे ठेवलेला? स्वयंपाकघरात, मिक्सरशेजारी!

ही वैजयंता घरबसल्या एम.ए. करत होती हो! चार वर्षं! पोळ्या लाटता लाटता पाठांतर. आता शेवटची तोंडी परीक्षा उरली — कॉम्प्युटरवरच, सकाळी अकराला, वीस मिनिटं. आठ दिवस सांगत होती, "तेवढा वेळ नेट कोणी वापरू नका बरं का." सगळे म्हणाले, "हो, हो!" — आपण देवाला म्हणतो ना, तसं.

अकरा वाजले. पडद्यावर परीक्षक बाई आल्या. हिनं तोंड उघडलं आणि चित्र थिजलं! बाई म्हणाल्या, "ताई, आवाज तुटतोय. घरात आणखी कोणी वापरतंय का? बंद करायला सांगा, थोडं थांबते मी."

धावली बिचारी. उमाकांतराव म्हणाले, "अगं, विसरलोच!" — बंद केलं. ऋचानं जीभ चावली — बंद केलं. राहिले नरहरपंत.

त्यांच्या दारात मात्र तिचे पाय थबकले. चौरंगावर कॉम्प्युटर, समोर सासरे — डोळे मिटलेले, हात जोडलेले. कीर्तन चालू! आता सांगा, भर कीर्तनातून आपल्याकडे कोणी कोणाला उठवतं? पाप लागतं म्हणे! लहानपणापासून तिनं हेच ऐकलेलं. तिनंही हात जोडले. मनात म्हणाली, 'आत्ता आरती होईल, मग सांगते.' उभीच राहिली हो! आणि तो कीर्तनकार? लांबवतोय, लांबवतोय! विषय काय — तर त्याग!

आरती झाली. ती पळत परत आली, तर पडद्यावर दोन ओळी — 'विद्यार्थिनी गैरहजर. पुढील परीक्षा एक वर्षाने.' घरातच होती ना ती! गैरहजर!

मला हे कोणी सांगितलं? खुद्द नरहरपंतांनी. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. "बुवा, नुसतं 'मामंजी' म्हणाली असती तर बंद केलं असतं हो. तुमचं कीर्तन मी रोजच ऐकतो."

माझं, मंडळी! पडद्यावर मी होतो. तेव्हापासून उभा राहिलो की मला वाटतं, कुठल्या तरी दारात कोणीतरी माझी आरती होण्याची वाट बघतंय. फार दमायला होतं हो.

म्हणून सांगतो, घरी कोणाचं काम तुमच्यावाचून अडलं असेल, तर आत्ता उठा. भर कीर्तनातून! पाप लागलं तर माझ्या माथी. ... कोणीच नाही? एवढ्या गर्दीत एकाचंही घर अडलेलं नाही? लाजू नका, थांबतो मी. ... हां, त्या मागच्या काकांना वाट द्या. चप्पल शोधतायत ते.