भाकरीचा आवाज

तुम्हाला सांगतो, भाकरी काही लपवून करता येत नाही. तिचा आवाज शेजारपाजारी जातोच.

माझ्या बायकोचा, सुमनचा खांदा आखडला. डॉक्टरांनी भाकरी थापायला मनाई केली, तेव्हा परात मी माझ्याकडे घेतली. बघता बघता हात बसला. पण दारात कोणी आलं की सुमन धावत यायची, परात ओढून घ्यायची आणि मग रात्रभर कण्हायची. खांदा बरा होणार कसा? तिला माझ्या अब्रूची काळजी.

एका संध्याकाळी शेजारच्या गयाकाकू तिच्याजवळ ओट्यावर बसल्या होत्या. आत माझं थापणं चालू होतं.

"काहून गं सुमन, तू तर इथं. मंग आत भाकरी कोण करून राहिलं?"

"माझी बहीण आलीय, काकू."

"व्हय? मंग भेटते की तिला!"

काकू उठल्या तशी सुमन पळत आत आली आणि परात ओढायला लागली. मी परात घट्ट धरली.

"तू बस गुमान. अब्रू माझी हाय अन् खांदा तुझा. बघू दे काकूला."

काकू दारात येऊन उभ्याच राहिल्या. तेवढ्यात तव्यावरची भाकरी टम्म फुगली.

"या काकू," मी म्हणालो. "बहीणबिहीण कोणी न्हाई, मीच हाय."

काकूंनी भाकरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या घराकडे तोंड करून नवऱ्याला हाक मारली, "अवो, इकडं या जरा! सुमनच्या बहिणीकडून भाकरी शिकून घ्या!"