मागच्या कोपऱ्यातला नट

सून : बाबा, बाकीचे सगळे नट निघाले. हा मागच्या कोपऱ्यातला एकच उरलाय, आणि तुम्ही त्याच्यावर फडकं टाकून बसलाय.

सासरे : डिझेल मुरू दे. गंजलाय तो.

सून : कालपासून मुरतंय. अजून ठेवला तर पोहायला शिकेल.

सासरे : तुला सगळ्याचीच घाई. यंदा मॅनिफोल्ड नाही उघडला तर लाँच बुडणार आहे का?

सून : हे तुम्ही बोलताय? सीझन संपला रे संपला की घरभर ओरडत फिरायचात, आधी धुराचा मॅनिफोल्ड खाली घ्या म्हणून. खारं पाणी आतून खातं, भोक पडलं की पाणी थेट इंजिनात, मग द्या भंगारात. तुमचेच शब्द.

सासरे : माझे शब्द माझ्याच तोंडावर मारायचे, हे त्याच्याकडून शिकलीस.

सून : नवऱ्याकडून काहीतरी शिकायला नको?

सासरे : एक वर्ष निघतं गं तसंच.

सून : नाही निघत. नव्या सीझनला पहिल्या दिवशी आपली लाँच धक्क्याला लागली नाही, तर आपली फेरी दुसऱ्याला जाणार. मग मी काय करू? दादा तर हट्टाला पेटलाय, माहेरी चल म्हणून. मला नाही जायचं. मला तुमच्यापाशी राहायचंय, पण नुसतं बसून खायला नाही. लाँच मी चालवणार.

सासरे : मी कधी जा म्हटलं तुला?

सून : मग फडकं काढा.

सासरे : हा त्यानं आवळलाय गं.

सून : सगळेच त्यांनी आवळले होते.

सासरे : तेच तर म्हणतोय. तू एकेक सोडवत गेलीस आणि मी बघत राहिलो. या कोपऱ्यात सरळ हात जात नाही. तो आडवा पडून डाव्या हातानं आवळायचा. मी म्हणायचो, जरा माणसासारखा उजवा हात वापर. गेल्या वर्षी इथंच पडला होता, माझ्या शिव्या खात, वर हसत. एवढा धडधाकट. आणि सीझन अर्धा झाला नाही तोच छातीत कळ काय येते, दवाखान्याच्या पायऱ्या काय चढू देत नाही... हा नट सोडला की त्याच्या हातचं काही उरत नाही या लाँचवर.

सून : मला काय कमी वाटतंय, बाबा? मी अजून पलंगावर भिंतीकडेच झोपते. सकाळी पायथ्याकडून सरकत उतरते, त्यांची झोपमोड नको म्हणून. उतरल्यावर आठवतं. रोज.

सासरे : ...दे तो पाना.

सून : थांबा, आधी गॅसनं तापवते.

सासरे : दे म्हणतो ना!

सून : बाबा, हळू! झटका नका देऊ, बाबा—

सासरे : गेला.

सून : बोल्ट तुटला?

सासरे : तुटला. अख्खा जन्म लोकांना सांगत आलो, गंजलेल्याला झटका द्यायचा नाही. आणि आज डोळे मिटून एकदाचं उरकायला गेलो.

सून : असू दे. मिस्त्रीकाकांना बोलावू, आतला तुकडा ते ड्रिल करून काढतील. हाताला लागलं का? दाखवा बघू.

सासरे : हात राहू दे, हे बघ. नट सुटलाच नाही. बोल्टचा तुकडा पोटात धरून बाहेर आलाय. काय आवळला होता गं त्यानं!

सून : ठेवा तो तुमच्यापाशी.

सासरे : तुला नको?

सून : तुम्हीच ठेवा. आणि आता रडा, बाबा. ते गेल्यापासून तुम्ही एकदाही रडला नाहीत. इथं कोणी बघत नाही.

(मॅनिफोल्ड साफ झाला, नवा बोल्ट आणि नवी गॅस्केट घालून परत बसवला. दोघं पुन्हा इंजिनापाशी.)

सासरे : मधले नट आधी आवळलेस ना? मग कडेचे. थोडे थोडे करत.

सून : तसेच केलेत. मागचा कोपराही झाला. माझा हात बारीक, सरळ जातो आत. आडवं पडावं लागत नाही.

सासरे : सरळ जातो? बरं झालं. तेवढंच.

सून : इंजिन थंड राहायला पिंपातल्या पाण्याची नळी जोडलीय. मारू स्टार्टर?

सासरे : थांब जरा.

सून : आता काय राहिलं?

सासरे : तुझी सासू. इथला आवाज सरळ घरात जातो. लाँच वळणावर आली की तिला आवाजावरून कळायचं. ढीगभर लाँच जायच्या समोरून, पण हातातलं काम टाकून उठायची ती आपल्याच लाँचला. दार उघडून ठेवायची त्याच्यासाठी. इंजिन बंद आहे तोवर जरा निवांत असते बिचारी. नटाचं खोटं नव्हतं बोललो मी, पण खरी भीती ही होती.

सून : मग मी आधी जाऊन सांगून येऊ का आईंना? मी चालू करतेय म्हणून?

सासरे : तिला काय कळत नाही होय? सगळं कळतं. कळूनही ती उठेल.

सून : नको करू का चालू?

सासरे : कर. तू राहायला हवीस आम्हाला. आज नाहीतर उद्या ऐकावं लागणारच आहे तिला. मार स्टार्टर.

सून : ...चालू झालं! बाबा, चालू झालं! जोडावरून हात फिरवून बघा, कुठं गळतंय का?

सासरे : कोरडं आहे. धूरही नाही. छान बसवलास गं. मला वाटलं होतं आवाज तरी थोडा बदलेल.

सून : इंजिन तेच आहे ना, बाबा.

सासरे : हो. तेच आहे. वर जाऊन बघ जरा घराकडं. माझ्यानं नाही बघवायचं.

सून : आलेच.

सासरे : काय गं? बोल की. काय दिसलं?

सून : दार उघडलंय आईंनी.