दार कुठल्या बाजूला उघडतं?

...नाही, पण मला सांगा, आम्ही काय दारं विकत घ्यायला गेलो होतो? माणसाला ठेवायला जागा बघायला गेलो होतो हो! बाग आहे का, पंखा फिरतो का, जेवण गरम मिळतं का, माणसं बोलतात कशी... ताईनं फोनवरून बत्तीस प्रश्नांची यादी वहीत उतरवून घ्यायला लावलेली. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. राहते इतकी लांब की इथं यायला दोन विमानं बदलावी लागतात, पण हुकूम मात्र ताबडतोब पोचतात. 'एकूण एक प्रश्न विचार हं, लाजू नकोस, आणि उत्तरं लिहून घे!' बरं म्हटलं. वही घेतली, पेन घेतलं, आईला घेतलं, बाबांना घेतलं, पोचलो. तिथल्या बाई हसत पुढे आल्या, 'या, या, या...' मी वही उघडतोय, घसा साफ करतोय, तेवढ्यात आमचे बाबा, हात मागे बांधून, मान वर करून, खर्जात... 'दार कुठल्या बाजूला उघडतं?'

झालं! संपली भेट.

तुम्हाला वाटेल, विसरण्याचा आजार झालाय, काहीतरी बोलत असतील. छे हो! हे आजाराच्या कितीतरी आधीपासूनचं आहे. बाबा छत्तीस वर्षं अग्निशमन दलात होते. त्यातली शेवटची वीस वर्षं काम एकच. इमारतींमध्ये जायचं, आग लागली तर माणसांना बाहेर पडता येईल का ते बघायचं, आणि येत नसेल तर असा शेरा मारायचा की मालकाला आठ दिवस जेवण जाऊ नये. दार आतल्या बाजूला उघडणारं असलं की घाबरलेली गर्दी दारावरच रेटते, मग दार उघडतच नाही. म्हणून दार बाहेर उघडायला हवं. हे मला बाराखडीच्या आधी पाठ होतं! माझ्या लग्नात, माझ्या स्वतःच्या लग्नात सांगतोय, मी नटूनथटून उभा, नवरी उभी, आणि बाबा हॉलच्या मॅनेजरला कोपऱ्यात घेऊन, 'ही खुर्च्यांची चळत दारापुढे कुणी लावली?' सगळ्या खुर्च्या हलवायला लावल्या. माणसं कमी पडली म्हणून मलाही बोलावलं. सासरे सासूबाईंच्या कानात काय म्हणाले माहितीये? 'जावई आधी इथंच कामाला होते का गं?'

तर त्याच बाबांना आता माझं नाव आठवत नाही. जेवण झालं का आठवत नाही. चष्मा कपाळावर आणि घरभर शोधाशोध. आईला कधी नावानं हाक मारतात, कधी 'अहो बाई, तुम्ही कुठल्या मजल्यावरच्या?' म्हणून विचारतात. सगळं विसरले... पण दार? विसरायचं नाव नको!

आणि बाहेर पडायचे ना हो! सकाळी बूट घालायचे, 'तपासणीला चाललो', की निघाले. दोनदा शेजाऱ्यांनी आणून सोडलं. तिसऱ्यांदा सापडले कुठे, तर दोन चौक सोडून सिनेमागृहात. चालू खेळ थांबवून, दिवे लावायला लावून, दोनशे माणसं रस्त्यावर काढून, मनगटावरच्या घड्याळात बघत उभे. 'अकरा मिनिटं! पाचात व्हायला हवं! चला, आत जा सगळे, पुन्हा घेऊ!' आणि तुम्हाला सांगतो, लोक गेले हो परत आत! आवाजच तसा आहे, काय करतील बिचारे? मॅनेजर हात जोडून मागे. मला विचारतो, 'आपण साहेबांबरोबर का?' आता काय सांगू याला? म्हटलं, हो, साहेबांबरोबरच आहे... जन्मापासून.

हसा, हसा. आम्हीही हसलोच होतो. चौथ्या वेळी मात्र आई त्यांच्यामागे धावली, जिन्यावरून घसरली आणि मनगट मोडून घेतलं. आता माझी आई म्हणजे दात दुखला तरी दाताचीच समजूत घालेल अशी बाई. ती प्लॅस्टरमधला हात मांडीवर ठेवून म्हणाली, 'बाळा, मला आता नाही रे धरवत त्यांना.' बस, एवढंच बोलली. मी त्याच दिवशी दाराला वरच्या बाजूला एक कडी ठोकली, बाबांचा हात पोचणार नाही इतकी वर. बाबा खाली उभे राहून बघत होते. मला वाटलं आता ओरडतील, शेरा मारतील. तर नाही. अगदी हळू आवाजात, परक्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, 'साहेब, आत माणसं राहतात ना? मग वरून कडी कुणाला लावताय?'

मी परत स्टुलावर चढलो. कडी काढून टाकली आणि ताईला फोन केला. ताई म्हणाली, 'जागा बघ.' आणि पाठोपाठ बत्तीस प्रश्न!

तर पहिली जागा मी सांगितलीच. म्हणजे दार कुठल्या बाजूला उघडतं, इथवर सांगितलं. त्यावर त्या बाई लाडात येऊन म्हणाल्या, 'आजोबा, आमचं दार की नाई, तुमच्या सुरक्षिततेसाठी बंदच अस्तं!' आता हे बोलावं का? कुणासमोर बोलावं? मी मागून हात हलवतोय, नको, नको म्हणून खुणा करतोय... बाबा म्हणाले, 'बंद. आत किती माणसं?' 'चाळीस, आजोबा!' 'म्हणजे चाळीस माणसं कोंडलीत.' माझ्या हातातली वही घेतली, पेन घेतलं आणि ताईच्या प्रश्नांच्या खाली उत्तरांसाठी सोडलेल्या जागेत घोटीव अक्षरात शेरा लिहिला. 'इमारत मनुष्यवस्तीस अयोग्य.' खाली सही, तारीख. तारीख तीस वर्षांपूर्वीची, पण सही पक्की! बाई म्हणाल्या, 'आम्ही तुम्हाला कळवतो हं.' अजून कळवतायत.

दुसरी जागा त्याहून भारी. तिथल्या लोकांनी काय करावं? बाहेरच्या दारावर हुबेहूब पुस्तकांचं कपाट रंगवलेलं. का, तर आतल्या म्हाताऱ्यांना ते दार वाटू नये, म्हणजे कुणी तिकडे फिरकणार नाही. युक्ती चांगलीच आहे हो, मी नाही म्हणत नाही. हजार जणांवर चालेल. आमचे बाबा दोन मिनिटं त्या कपाटासमोर उभे. तिथला व्यवस्थापक गोड गोड बोलत आला, 'काय बघताय, आजोबा?' 'दार कुठल्या बाजूला उघडतं?' 'हे दार नाहीच्चे मुळी! हे तर पुस्तकांचं कपाट!' बाबा म्हणाले, 'अस्सं? मग वरच्या फळीवरचं ते लाल पुस्तक काढून द्या. मला वाचायचंय.'

काय चेहरा झाला त्या माणसाचा! भिंतीत तोंड लपवावं तर तिथंही पुस्तकं रंगवलेली!

येताना गाडीत बाबा आईकडे वळून म्हणाले, 'खोटं बोलतात हो. आत माणसं आहेत आणि खोटं बोलतात.' आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, 'खरं आहे तुमचं.' आणि ताईचा फोन! 'किती प्रश्न झाले?' म्हटलं, एकही नाही. 'मग दोन दिवस करत काय होतास?' दारं बघत होतो, ताई! दुसरं काय करणार?

तिसऱ्या जागी मी वही नेलीच नाही. म्हटलं जे व्हायचं ते होऊ दे, हात टेकले. बैठी इमारत, मध्ये अंगण, कडेनं खोल्या. तिथल्या प्रमुख म्हणजे सगळे ज्यांना मोठ्या बाई म्हणतात त्या. उंची माझ्या खांद्याएवढी, बाह्या वर सारलेल्या, हाताला साबणाचा फेस. 'या, या' नाही, काही नाही. बाबांनी दम घेतला, हात मागे बांधले... मी डोळे मिटले... 'दार कुठल्या बाजूला उघडतं?'

बाई म्हणाल्या, 'आतल्या बाजूला. चूकच आहे ते.'

मी डोळे उघडले! आई माझ्याकडे बघतेय, मी आईकडे बघतोय. बाबा एक पाऊल पुढे. 'कुलूप?' 'असतं. बटणांचं आहे, नंबर दाबावा लागतो.' 'का?' बाई म्हणाल्या, 'आमची काही माणसं बाहेर गेली की त्यांना परतीची वाट सापडत नाही. म्हणून लावतो. मला आवडत नाही, पण लावते.' बघा, म्हणजे खोटं नाही, लाडीगोडी नाही, 'आजोबा, आजोबा' नाही. बाबांनी शेवटचा प्रश्न टाकला, 'आणि आग लागली तर?' बाईंनी भिंतीवरची धोक्याची घंटा दाबली. ठणठणाट! आणि त्याबरोबर ते कुलूप 'टक्' करून आपोआप सुटलं. बाबांनी दार ओढून बघितलं, सोडलं, परत ओढलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. आणि वळून बघतात तर काय, घंटा वाजूनही अंगणातले सगळे जागच्या जागी! एक आजी शांतपणे केस विंचरतायत.

'यांचा सराव कोण घेतं?' बाबा कडाडले.

बाई म्हणाल्या, 'कुणी नाही हो साहेब. माणूसच मिळत नाही.'

आता ती बाई हुशार की खरंच अडलेली, हे मला आजतागायत कळलेलं नाही. विचारायचं धाडसही होत नाही. पण पुढच्या सोमवारी बाबा बूट घालून, कपाटातली जुनी शिट्टी गळ्यात अडकवून गाडीत बसले, ते कामावर रुजू व्हायलाच! राहायलाही आता तिथंच. रोज अकरा वाजता शिट्टी. सगळे रांगेनं अंगणात. मग बाबा डोकी मोजणार. आई रोज अकराला तिथं हजर असते, कारण पहिल्याच दिवशी त्यांनी तिला धरून अडतीस मोजली. ती नसली की 'एक कमी आहे, कुणी हलायचं नाही!' म्हणून सगळ्यांना उभं करतात. एकदा आईची बस चुकली तर अख्खं अंगण पाऊण तास उभं. आता त्या केस विंचरणाऱ्या आजीच आईला दटावतात, 'वेळेवर येत जा गं बाई, पाय दुखतात!'

पण मी? माझं सांगतो ना. दर रविवारी भेटायचो, गप्पा मारायचो, निघायचो, आणि मागे ते दार 'टक्' करायचं. ते 'टक्' थेट इथं लागायचं, छातीत. माझ्या मनातली कडी काही निघाली नव्हती. माणसं बाहेर काढण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला मी कुलपाआड टाकून आलो, असं वाटायचं. ताई म्हणायची, 'तू फार विचार करतोस.' मी करतो कारण तिनं तिचे बत्तीस प्रश्न मला दिले होते आणि हा तेहेतिसावा माझा मलाच पडला होता.

तर मागच्या रविवारी काय झालं, निघालो, दारापाशी आलो, आणि नंबर विसरलो! हसू नका, होतं असं. बटणांची कुठली तरी उभी रांग आहे एवढं आठवत होतं. डावी दाबली... लाल दिवा. उजवी दाबली... लाल दिवा. घाम फुटला. हाक मारावी तर लाज, थांबावं तर गाडी चुकीच्या जागी उभी. आणि मागून खर्जातला आवाज, 'काय, अडकलात?'

बाबा! म्हणाले, 'घाबरू नका. बाजूला व्हा.' चष्मा कपाळावरून नाकावर आणला, वाकून बघितलं. 'हे बघा. बटणं बारा. मधल्या उभ्या रांगेतली चार झिजलीत, बाकीची कोरी. म्हणजे एक तर वरून खाली, नाहीतर खालून वर. दोनच गोष्टी.' टिक, टिक, टिक, टिक. उघडलं!

मी बघतच राहिलो. 'बाबा! तुम्हाला उघडता येतं?'

'न यायला काय झालं? जिथं कामाला आहे तिथलं दार उघडता येऊ नये?'

'मग... मग तुम्ही जात का नाही?'

असं बघितलं माझ्याकडे, लहानपणी गणित चुकलं की बघायचे तसं. 'आत माणसं आहेत ना! ती आत असताना मी बाहेर पडू?' आणि पाठीवर हात ठेवून म्हणाले, 'तू नीघ. जपून जा.' तू म्हणाले. कुणाला म्हणाले देव जाणे, पण मी ते माझ्यावर घेतलं. रडलो हो, तिथंच दारात. आणि तिथल्या तिथं हलकाही झालो.

डोळे पुसले आणि मोठ्या बाईंना सांगितलं, कारण सांगायला तर हवं. 'बाई, बाबांना तुमचा नंबर कळलाय!' बाई म्हणाल्या, 'मला माहितीये. त्यांना दर वेळी नव्यानं कळतो.' म्हटलं, मग बदला की! 'बदलला होता,' म्हणाल्या. 'मागच्या महिन्यात चांगला अवघड ठेवला. तर अकरा नातेवाईक आत अडकले आणि साहेबांनी त्यांचीही डोकी मोजली. म्हणून परत सोपा केला. तुम्हा लोकांसाठी ठेवलाय हो तो सोपा!'

तेव्हा आता काय सांगू? ज्यांना विसरायला होतं म्हणून एवढी दारं पालथी घातली, ते पाहिजे तेव्हा दार उघडू शकतात आणि आनंदानं आत राहतात. आणि मी, ज्याची स्मरणशक्ती ठणठणीत आहे असं डॉक्टर म्हणतात, मी दर रविवारी त्या दारापाशी जातो, इकडेतिकडे बघतो आणि मान खाली घालून हळूच म्हणतो, 'साहेब... जरा दार उघडता का? मला घरी जायचंय!'